फितीच्या ओळीचा हुरडा

राहुरी, ६ जानेवारी

ती. आबाकाका यांस,
सा. न. वि. वि.
तुमच्या तिसगावच्या रानात लाल फिती बांधलेली ज्वारीची ओळ हेच आता माझे सर्वस्व. प्रयोगशाळेतले राखीव बी उगवलेच नाही. पानाच्या सालीवर वाफ सोडणारी सूक्ष्म तोंडे, म्हणजे पर्णरंध्रे, किती घडावीत हे जनुके ठरवतात. या ओळीत एक जनुक बदलल्याने ती निम्मीच घडतात, म्हणून पाणी कमी उडते. दाणे कडक वाळेपर्यंत कणसे राखा. बी गेले तर माझे संशोधन संपले.
मायेची सावली असू द्यावी.
आपली पुतणी,
निकिता

तिसगाव, १९ जानेवारी

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.
या पत्राचे छायाचित्र मोबाईलवर धाडीत आहे, कारण तुझा आवाज ऐकण्याचे धैर्य या क्षेत्रपालापाशी उरलेले नाही. काल आमच्या मोनिकाला पाहावयास पाथर्डीची मंडळी आली. या दिवसांत पाहुण्यास हुरडा न देणे हा आपल्याकडे अक्षम्य अपराध. अस्मादिक दह्याच्या शोधार्थ बाजारात. बाकी ज्वारी पाण्याविना करकरीत वाळलेली. कोवळे दाणे तेवढे तुझ्या ओळीत. फिती पाहुण्यांच्या कणसांनाच बांधल्या असाव्यात, असे समजून तुझ्या काकूने सगळी खुडली. आगटीतला तो हुरडा अस्मादिकांनीही यथेच्छ भक्षण करून अमृततुल्य म्हणून गौरविला. मग राखेशेजारी फिती दिसल्या. काकू सकाळपासून म्हणते आहे की तिला कुनी सांगितलंच न्हाई. आणि ते सत्य आहे.
शक्य तितका लोभ राख.
अपराधी,
आबाकाका

राहुरी, १९ जानेवारी

ती. काका,
सा. न.
रडून झाले. ज्वारीची ताटे उभी आहेत ना? ती तोडू देऊ नका. मुळाशी ओल असेल तर पेऱ्यातून फुटवा येऊन बारीक कणीस धरते. पण फिती सुटल्या, तेव्हा ओळख पटली पाहिजे. हिरव्या ताटांच्या पानांना मोनिकाचे पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळले की चिकटपट्टीने सोलून, ताटाचा क्रमांक टाकून पाठवा. त्यावर रंध्रांचा ठसा उतरतो; मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहीन, रंध्रे निम्मी दिसली ते ताट आपले. काकूंना बोलू नका.
निकिता

तिसगाव, २० जानेवारी

चि. निकितास,
आशीर्वाद.
काल तुझे पत्र वाचून धावलो, तो काकू विळा घेऊन त्याच ओळीत. हिरवा चारा पाहून तिला गाय आठवलेली. निम्मी ओळ आडवी. मी जे ओरडलो ते गीर्वाणवाणीत नव्हते. विळा थांबला. पुढे अस्मादिक ज्वारीचे नखरंजन करीत असता शेजारच्या बन्सीने बांधावरून पृच्छा केली, की आबा, ह्यातली नवरी कंची हाय? ठसे एस.टी.ने रवाना केले आहेत.
निकाल त्वरित कळव.
आबाकाका

तिसगाव, २४ मार्च

चि. निकितास,
आशीर्वाद.
तुझ्या ठशांनी सिद्ध झालेल्या ताटांपैकी एकावरच कणीस टिकले आहे, मुठीएवढेही नाही. आज पाथर्डीची मंडळी साखरपुडा ठरवावयास आली. भावी व्याही रानात हिंडताना एवढ्या उन्हात हिरवे कणीस पाहून मोहित झाले, आणि चव पाहू म्हणत त्यांनी हात घातला. एका बाजूस मोनिकाचे लग्न, दुसऱ्या बाजूस तुझे बी. अस्मादिक नुसती टोपी सावरीत राहिले. तेव्हा काकू पदर खोचून मध्ये उभी राहिली. म्हणाली की सोयरीक मोडली तरी चालंल, पर ह्याला हात लावायचा न्हाई, हे आमच्या निकीचं हाय.
मंडळी चहा न घेता जीपमध्ये बसली. निरोप अद्याप नाही. मोनिकाने साखरपुड्यासाठी घेतलेली नवी ओढणी पाखरांपासून राखण म्हणून त्या कणसाला गुंडाळली आहे.
दाणा वाळला की स्वतः ये. काकूला तो तुझ्याच हातात द्यायचा आहे.
तुझा,
आबाकाका