नगाने घेतली, किलोने गेली

३ मार्च, सकाळी
एका कान्याअभावी आज माझ्या आयुष्यातलं एक पर्व सुरू होता होता डागाळलं. नवा रबरी शिक्का आला. मी स्वच्छ अक्षरात 'अंड्यांचे घाऊक व्यापारी व आयातदार' असं लिहून दिलं होतं. शिक्क्यावर आलं 'आयतदार'. शंभर कोऱ्या लेटरहेडांवर उमटवून झाल्यावर लक्षात आलं. राज्यं याहून लहान चुकांनी बुडाली आहेत. शिक्केवाला म्हणतो, काना घालायचे पैसे वेगळे. म्हणजे चूक त्याची, काना माझा, आणि पैसेही माझेच.
ताईला दाखवला. ती म्हणाली, बरोबर तर आहे, तुला सगळं आयतंच लागतं.
संकल्प: काना पेनाने काढायचा. ताईला काही दाखवायचं नाही.

६ मार्च
ताईबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. थोरली बहीण. वडिलांनी गाळा दोघांच्या नावावर ठेवला, हा त्यांचा भाबडेपणा. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती तीस वर्षं दिव्यासमोर अंडी फिरवते आहे. चांगलं, जुनं, रक्ताचा ठिपका. हात जातो आणि अंडं आपल्या ट्रेमध्ये पडतं. यात बुद्धीचा भाग फारसा नाही. मी पुढे टेबलाशी बसतो. ती अंडं बघते, मी जग बघतो.
जग असं सांगतं: इथे पोल्ट्रीवाले नगाला साडेआठ मागतात. परदेशातली पार्टी पाच ऐंशीला द्यायला तयार आहे. भाडं पडेल, आयातीवरची सरकारी लेव्ही पडेल, तरी घसघशीत उरतं. समोरच्या गाळ्यातला माझा प्रतिस्पर्धी अजून साडेआठलाच घेतो आहे. बिचारा.

९ मार्च
कस्टम्सच्या एजंटने फोनवर नियम समजावला. दोनदा समजावला, हे मला लागलं. नियम सोपा आहे. बाहेरून येणाऱ्या अंड्याला किमान दर ठरलेला आहे, किलोला शंभर. त्याखाली खरेदी केली तर जितकी कमी पडली तितकी रक्कम जादा लेव्ही म्हणून सरकार घेतं. शिवाय साधी लेव्ही किलोला वीस, ती कोणालाच चुकत नाही. बाहेरची अंडी फार स्वस्त येऊन इथल्या कोंबड्या बेकार होऊ नयेत, म्हणून हा सगळा प्रेमळ बंदोबस्त.
मी लगेच हिशेब केला. पंचावन्न ग्रॅमचं अंडं पाच ऐंशीला, म्हणजे किलोला एकशे पाच आणि वर थोडं. शंभराच्या वर. सुखरूप! एजंटला म्हटलं, या धंद्याची अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत. तो म्हणाला, पिल्लांचा टॅरिफ वेगळा आहे साहेब. विनोद कळत नाही या माणसाला.

१४ मार्च
विजय!!
परदेशी पार्टीशी तासभर घासाघीस केली. ते पाच ऐंशीच्या खाली यायला तयार नाहीत. खरं तर मलाही ते नकोच होतं, किमान दर आहे ना. पण घासाघीस न करता फोन ठेवणं आमच्या रक्तात नाही. तेव्हा डाव टाकला. म्हटलं, दर तोच ठेवा, पण साइझ वाढवा. मधल्या अंड्याच्या दरात थोरलं द्या. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग हो म्हणाले. पंचावन्नऐवजी सत्तर ग्रॅमचं अंडं, नगाला तेच पाच ऐंशी. दीड लाख नग.
दर बदलला नाही, म्हणजे नियमही बदलला नाही. याला म्हणतात डोकं.
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, कोंबड्यांना विचारलंत का?

२० मार्च
बँक. गाळा तारण ठेवून कर्ज. दोघांच्या सह्या लागतात, म्हणून ताईला खोलीतून बाहेर काढावं लागलं. उजेडात आली की तिचे डोळे बारीक होतात, त्यामुळे ती संशयाने बघते आहे असं वाटतं. तिने फक्त एवढंच विचारलं की ही अंडी नगाने घेतलीस की वजनाने. म्हटलं, ताई, तीस वर्षं बाजारात आहेस, अंडं कधी वजनाने घेतात का? अंडं म्हणजे नग. ट्रे म्हणजे तीस. ती म्हणाली, बाजारात नग रे, सरकारात काय असतं? मी हसलो. मॅनेजरही हसला. ताईने सही केली.
एजंटनेही फोन करून वजन विचारलं होतं. त्याला म्हटलं, इन्व्हॉइसवर नग घाला. सगळ्यांना वजनाचं वेड लागलं आहे.
याच निमित्ताने संकल्प: उद्यापासून रोज चालायला जायचं.

२१ मार्च
गेलो नाही. नवे बूट चावतात.

११ एप्रिल
कंटेनर आला. गोदीत जाऊन पाहिला. दरवाजा उघडला तर थंड हवेचा झोत, आणि आत ट्रेवर ट्रे, प्रत्येक अंडं कसं भरलेलं, गुटगुटीत. डोळे भरून आले. प्रतिस्पर्ध्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. जळाला असणार.

१२ एप्रिल, दुपारी
कस्टम्सच्या साहेबाने माल अडवला.
हा साहेब बारीक, चष्मेवाला, सगळं दशांशात बोलतो, म्हणून मी त्याचं नाव दशांश ठेवलं आहे. त्याने एक ट्रे वजनकाट्यावर ठेवला, ट्रेचं वजन वजा केलं, तीसने भागलं. सत्तर ग्रॅम. मी अभिमानाने म्हटलं, बघा, एकही ग्रॅम कमी नाही. त्याने पाच ऐंशीला पॉइंट शून्य सातने भागलं. किलोला ब्याऐंशी पॉइंट आठ पाच सात.
शंभराच्या खाली.
मी म्हटलं, पण दर तोच आहे. तो म्हणाला, दर तोच आहे, अंडं तेच नाही. तेवढ्याच पैशांत तुम्ही किलो जास्त घेतले, म्हणून किलो स्वस्त पडला. आणि किलो स्वस्त पडला म्हणून महाग पडणार.
जादा लेव्ही एक लाख ऐंशी हजार. शिवाय साधी लेव्हीही किलोवर, म्हणजे थोरल्या अंड्यावर तीही थोरली.
म्हणजे मी घासाघीस केली नसती, तर फायद्यात होतो. मुकाट्याने लहान अंडी घेतली असती तरी फायद्यात होतो. हुशारीवर कर बसवणारा हा जगातला एकमेव देश असेल.

१३ एप्रिल
हा किमान दर आणला कोणी, असं मी दशांशला जरा जोरातच विचारलं. त्याने कपाटातून फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनेने सरकारला निवेदन दिलं होतं, 'परदेशी स्वस्त अंड्यांच्या आक्रमणापासून आम्हाला वाचवा.' पहिली सही माझी. टपोरी, खाली दोन रेघा.
मी म्हटलं, तेव्हा मी आयातदार नव्हतो. तो म्हणाला, लेटरहेडवर तर आत्ताही नाही आहात. काना काढायचा राहिला होता.

१५ एप्रिल
ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, लेव्ही भर आणि माल सोडव. नगाला थोडं नुकसान होईल, पण थोरलं अंडं आहे, दोन दिवसांत उठेल, बँकेचं बरंचसं फिटेल. अंड्याला अठ्ठावीस दिवस असतात, त्यातले अठरा गेलेत. तुझ्या मानापमानाला मुदत नसते, अंड्याला असते, शेठ.
रागात असली की ती मला शेठ म्हणते.
मी तिला समजावलं की प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व कुठल्या ट्रेमध्ये ठेवू?
लेव्ही भरायची नाही. अपील करायचं.

१६ एप्रिल
आता जे सुचलं आहे, ते सुचायला तीस वर्षं धंद्यात असावं लागतं. अंडं ठेवलं की हलकं होतं! कवचाला बारीक छिद्रं असतात, आतलं पाणी उडतं, म्हणून तर जुन्या अंड्यातली हवेची पोकळी मोठी दिसते. ताई दिव्यासमोर तेच बघते. अंडं अठ्ठावन्न ग्रॅमवर आलं की पाच ऐंशीला किलो बरोबर शंभर. मग जादा लेव्ही शून्य!
म्हणजे करायचं काहीच नाही. फक्त थांबायचं. थांबण्यात मी कोणाला हार जाणार नाही.
हिला सांगितलं. ही माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, अंडी तरी वजन उतरवतील.

२२ एप्रिल
दशांशकडे फेरवजनाचा अर्ज. ताईला बरोबर घेतलं. तज्ज्ञ असली की वजन पडतं, असं मी म्हणालो, आणि दशांशने पावतीपुस्तक पुढे ओढलं.
फेरवजनाची फी रोख साठ. माझ्या पाकिटात कोल्ड स्टोरेजच्या भाड्याच्या पावत्या होत्या, पैसे नव्हते. ताईने कनवटीची पुरचुंडी सोडून साठ मोजून दिले. पावती तिच्या नावाने फाडली गेली, पाकिटात ठेवली मी. उद्याच देतो म्हटलं.
एकोणसत्तर पॉइंट सहा.
दहा दिवसांत पॉइंट चार. दशांशने कोणी न विचारता पुढचा हिशेब केला. या गतीने अठ्ठावन्नवर यायला आणखी दोनशे नव्वद दिवस लागतील. तो म्हणाला, तोवर मी इथे असेन. कुत्सितपणे नाही म्हणाला, तेच जास्त लागलं.
ताईने ट्रेमधलं एक अंडं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, फिरवलं. म्हणाली, अजून चांगलं आहे. आज सोडव. अजून तीन दिवस आहेत. बाबांच्या गाळ्यासाठी सोडव.
या वेळी मला 'शेठ' म्हणाली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.
मी म्हटलं, अपिलाचा निकाल येऊ दे.

२६ एप्रिल
मुदत संपली. खाण्यास अयोग्य, नष्ट करा, असा हुकूम. नष्ट करायचा खर्च आयातदाराचा. हुकुमावर 'आयातदार' शुद्ध लिहिलं आहे, काना जिथल्या तिथे.

२८ एप्रिल, सकाळी
शहराबाहेर खड्डा. दीड लाख नग. वास येईल म्हणून रुमाल नेला होता. वास आला नाही. अंडी चांगलीच होती. फुटताना फक्त आवाज येत होता, खूप लोक एकाच वेळी दबक्या पावलांनी चालावेत तसा. पिवळं पाणी खड्ड्याच्या कडेपर्यंत आलं. खड्डेवाल्याने विचारलं, साहेब, ट्रे न्यायचेत का? म्हटलं, नको.
ताई आली नव्हती.

३ मे
अपिलाचा निकाल. फेटाळलं. कारणांपैकी तिसरं: अर्जदारानेच किमान दराची मागणी केली होती.

१९ मे
बँकेने गाळा लिलावात काढला. समोरच्याने घेतला. त्याने फोन करून वाईट वाटतं म्हणून सांगितलं. खरंच वाईट वाटत असावं, कारण बोली त्याने फार खाली ओढली नाही.
एक गोष्ट मात्र माझ्यामुळे झाली. ताईला नोकरी मिळाली. समोरच्याला अंधाऱ्या खोलीसाठी माणूस हवा होता, आणि तिच्यासारखी नजर बाजारात कोणाचीच नाही. खोली तीच, दिवा तोच. पगार रोजावर. म्हणजे तिच्या दृष्टीने फार काही बदललेलं नाही.
हे वाक्य दोनदा वाचलं. खोडायला हवं. खोडलं नाही.

२४ मे
ताईकडे जायचं. काय बोलायचं ते लिहून काढलं. बाजार, सरकार, परदेशी पार्टीचा विश्वासघात. दीड पान झालं. वजन विचारलं होतंस, हे कुठेच बसेना.
गेलो नाही.

३१ मे
ही म्हणाली, त्यांचे साठ तरी द्या. मी म्हटलं, साठचं काय घेऊन बसलीस, एवढं मोठं झालं आहे. ही म्हणाली, म्हणूनच.

२ जून
गेलो. पुढच्या टेबलाशी समोरच्याचा भाचा बसला होता. तो उठून उभा राहिला, मी बस म्हटलं. आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत दोन मिनिटं थांबलो असेन.
ताईने अंडं दिव्यासमोर धरलं होतं. आत केशरी उजेड, वरच्या टोकाला पोकळीची लहानशी चंद्रकोर. तिने ते फिरवलं, चांगल्यात ठेवलं, दुसरं घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, दार लोट, उजेड येतो.
दार लोटलं. लिहिलेलं दीड पान खिशात होतं. काढलं नाही. साठ काढले आणि तिच्या कोपराजवळच्या पालथ्या ट्रेवर ठेवले.
ती म्हणाली, पावती तुझ्याकडेच आहे ना, फाडून टाक.
हो म्हटलं. तिने अजून एक अंडं जुन्यात टाकलं. मी निघालो.