तीन गावांतली घरे आणि एक नोटीस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त लिफ्ट फिटर, राहणार तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मुलीची एक अट आहे. बंदराच्या गावातले घर मला तिला द्यायचे आहे आणि ती ते घ्यायला तयार आहे, पण सहा वर्षांपूर्वी तिला त्याच घरातून बाहेर काढणारी नोटीस कुणाची होती, हे मी या कागदावर खरे लिहिले तरच. लिहिणार की नाही, हे या ओळीपर्यंत तरी ठरलेले नाही.

कलम १. माझी मिळकत म्हणजे तीन गावांतली तीन घरे. एक विद्यापीठाच्या गावात, एक कारखान्याच्या, एक बंदराच्या. ती मी कशी घेतली हे मुलांना माहीत असावे. कोणत्या गावात किती लिफ्टची मागणी आली, याचे रजिस्टर आमच्या कंपनीच्या कार्यालयात असायचे. जिथे लिफ्ट मागवतात तिथे इमारती उठणार, आणि जिथे इमारती उठतात तिथे भाडेकरू येणार. दलालांच्या आधी मला कळायचे. एका गावात बाजार बसला तर दुसऱ्या गावात उभा राहील, म्हणून तीनही घरे वेगवेगळ्या गावांत घेतली. स्वतः मात्र भाड्याने राहिलो, कारण आपल्या घरात आपण राहिलो तर भाडे कोण देणार? पत्नी म्हणायची, "जन्मभर लोकांना वर नेलंत. मला कुठं नेलंत?" तिचे गुडघे गेले होते. मी हसण्यावारी न्यायचो.

कलम २. विद्यापीठाच्या गावातले घर माझा धाकटा भाऊ सांभाळत असे. दर महिना-दोन महिन्यांनी त्याचा फोन यायचा, "दादा, पोरांनी पुन्हा नळ तोडला बघ." सहा वर्षांत तो एकच नळ एकेचाळीस वेळा दुरुस्त झाला, प्रत्येक वेळी पैसे मी पाठवले. शेवटी मी स्वतः गेलो. नळ मूळचाच होता, कंपनीचा शिक्कासुद्धा पुसलेला नव्हता. तो नळ मी काढून आणला आहे आणि भावाला देत आहे. त्याला या मिळकतीतून आणखी काही मिळू नये. घर विकावे आणि आलेल्या पैशातून पुढच्या कलमातल्या इमारतीत लिफ्ट बसवावी. माझ्या जुन्या कंपनीची नको.

कलम ३. कारखान्याच्या गावातले नवव्या मजल्यावरचे घर मुलाला द्यावे. हे घर मी त्याच्या सांगण्यावरून घेतले.

वरचे वाक्य खरे नाही. खाडाखोड केली की शेजारी सही लागते, असे वकील म्हणाले, म्हणून ते तसेच ठेवतो. रजिस्टर मी पाहिले, घर मी घेतले. बिल्डरने दोन लिफ्टची मागणी नोंदवली, तो कागद दाखवून सगळी घरे विकली आणि मग मागणी रद्द केली. अठ्ठावीस वर्षे लिफ्ट बसवणाऱ्या माणसाने, लिफ्ट बसायच्या आधी केवळ कागदावर भरवसा ठेवून नववा मजला घेतला. पुढे कारखानाही बंद पडला. आता त्या घरात कुणी राहत नाही. लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात पारवे आहेत.

कलम ४. हत्यारांची पेटी मुलीला. भिंतीत सरळ भोक पाडता येणारी घरात ती एकटीच. बँकेतली शिल्लक दोघांत अर्धी अर्धी.

कलम ५. बंदराच्या गावातले तिसऱ्या मजल्यावरचे घर मुलीला द्यावे.

लग्न मोडल्यावर दीड वर्षाची पोर घेऊन ती त्या घरात राहायला गेली. ती शाळेत चित्रकला शिकवते. मी तिच्याशी अकरा महिन्यांचा करार केला, कारण नियम सगळ्यांना सारखा. ती वेळेवर भाडे देत होती. मग बंदरात नवा धक्का झाला, बाहेरचे अधिकारी आले आणि भाडी दुप्पट झाली. तिला घर सोडण्याची नोटीस गेली.

नोटिशीवर सही मुलाची होती. माझे कुलमुखत्यारपत्र त्याच्याकडे होते. बायकोला आणि नातेवाइकांना मी सांगितले, "पोराने मला न विचारता केलं. आता काय करू?" त्यानंतर बायको तीन वर्षे जगली. मुलाच्या हातून औषध घ्यायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, "पोटचा पोर असा कसा निघाला हो?" मी पंख्याचा वेग वाढवला.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला, सहा वर्षांत पहिलाच. म्हणाली, "बाबा, नोटिशीत 'विनाविलंब व विनातक्रार' असं होतं. दादा असं लिहील का हो? तो साधं पत्र लिहितानासुद्धा चार जणांना विचारतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई गेली तरी तुम्ही बोलला नाहीत. आता लिहा. नाहीतर घर ठेवा तुमच्याकडे."

तर लिहितो. ती नोटीस माझी होती. मी सांगितली, त्याने लिहून घेतली. सही करायला तो तयार नव्हता. मी म्हटले, "तुझ्या नावावर जाऊ दे. तुझ्या आईशी भांडण आता मला झेपणार नाही." त्याने सही केली, आणि कुणालाही, आईलासुद्धा, एक अक्षर सांगितले नाही.

कलम ६. काल मुलाला बोलावून कलम पाच वाचायला दिले. त्याने उभ्यानेच वाचले.

"आई असताना लिहायचं होतंत."

मी म्हटले, "नवव्या मजल्याचं घर तुझ्या नावावर केलंय."

"घर नको मला. या पानाच्या प्रती द्या. वकिलांचा शिक्का मारून."

"कशाला?"

"मावशीला द्यायचीय. मामाला. तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत त्या सगळ्यांना."

घराचे त्याने काय ते करावे. प्रतींचा खर्च माझ्या शिलकीतून व्हावा. कुणाकुणाला सांगितले होते, ते आठवून मी यादी केली. एकोणीस नावे झाली. मुलाने ती वाचली, माझ्या हातातून पेन घेतले आणि सगळ्यांत वर आईचे नाव लिहिले.

ही यादी मृत्युपत्राचा भाग समजावी.

सही: निवृत्त लिफ्ट फिटर

साक्षीदार १: डॉक्टर, दाखला देणारे
साक्षीदार २: या दोन खोल्यांची मालकीण, राहणार वरचा मजला

दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यासमोर.

ठिकाण: तळमजला, मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३