सुकवारोबाईचा जवाब

रवि., ५ जाने.
चौथी तालीम. वाया. मी गिटारवर ब्लूज धरायचा, सुकवारोबाईने त्यावर ददरिया, म्हणजे तिच्या गावाकडचं लोकगीत, म्हणायचं, इतकं साधं. ब्लूजचं आवर्तन बारा घरांचं. बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून. बाई कधी दहाव्यातच थांबते, कधी चौदापर्यंत ओढते. बोटांवर मोजून दाखवलं तर हसली. शेजारच्या बांधकामावर विटा वाहताना काय गाते! ते ऐकूनच घरी बोलावलं होतं.
नंदा, चहा ठेवताना: "नाचता येईना, अंगण वाकडं. त्या बाईले काहून बोलून राहिले तुम्ही?" बायको आहे की परीक्षक.

बुध., ८
युक्ती सुचली. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या तिच्या चांगल्या सहा ओळी वहीत उतरवल्या. याच म्हणायच्या, याच क्रमाने. कार्यक्रम शनिवारी १८ ला, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय.

रवि., १२
ओळी ऐकवल्या. बाई म्हणाली, "ये तो मैं पूछ डारेंव. फेर काबर पूछहूं?" एकदा विचारलं ते पुन्हा कशाला विचारायचं म्हणे! गाणं आहे की चौकशी? माझं डोकं फिरलं, आवाज चढला. तीही कमी नाही. "तैं तो जवाबेच नइ देवस, भैया. मैं काकर संग गावंव?"
कोणासोबत गाऊ! मी काय, भिंत आहे?

मंगळ., १४
नंदा तिळगूळ घेऊन बांधकामावर गेली होती. आल्या आल्या: "अहो, ददरिया दोघांचा असते. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं तिथंच जोडून जवाब द्यायचा. ते तुमची वाट पाहून राहते."
म्हणजे ती थांबत होती ती माझ्यासाठी. आणि मी तिला मोजायला शिकवत होतो. लाज वाटली. रागही आला, आधी सांगायला काय झालं होतं? पण मी तरी कुठे विचारलं.

गुरु., १६
बाई काम सुटल्यावर आली, हातपाय धुऊन बसली. म्हटलं, विचार काय ते, आज जवाब देतो. दोन ओळी ताणून म्हणाली. पहिली ढगाची, पाऊस न पाडणाऱ्या. दुसरी: "लकड़ी ला रोवावत हस, अपन काबर नइ रोवस?"
लाकडाला रडवतोस, स्वतः का रडत नाहीस.
बोटं आपोआप गिटारवर गेली, तर तिने हात धरला. बारा घरं गेली, वीस गेली, पुढे मोजणंच सुटलं. बाई बसून होती. नंदा दारात.
शेवटी अभनपूरच्या बसची वेळ झाली म्हणून उठली. "शनिवारी येणार ना?" "पहिली जवाब दे, फेर आहूं."
तीस वर्षं ब्लूज गातोय. दुसऱ्यांची दुःखं, इंग्रजीत, फाडफाड. तुझं काय, असं कोणी विचारलं नव्हतं. आता नंदासुद्धा उत्तराची वाट बघतेय.