खुर्च्या इकडेच येताहेत

३ मार्च
कोपऱ्यावरचा बाक गेला! रस्ता रुंद करायचा म्हणून उखडून नेला म्हणे. माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या घरापर्यंतच्या चढावर टेकायला तेवढी एकच जागा होती. मुलगा म्हणतो, "बरं झालं आई, आता फोनवरच बोलत जा." इतक्या सहज? ह्याला आधीच ठाऊक होतं की काय!

४ मार्च
गेलेच. दोनदा भिंतीला टेकले. गुडघा ठणकतोय. पण ती कमरेचं हाड मोडल्यापासून घरात अडकलेली, तिच्याकडे जायचं कुणी?

९ मार्च
अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी औषधवाल्याने दुकानाबाहेर लाल खुर्ची ठेवलीय. "बसा ना बाई." सुट्टे मागितले की तोंड वाकडं करणारा माणूस, आज एवढा गोड! सगळी नोकरी परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडण्यात गेली माझी. चेहरा बघून कळतं. बसले नाही.

१० मार्च
अक्काच्या दारातल्या तिच्या चपलांना ओला चिखल. ती तर उंबऱ्याबाहेर पडत नाही! विचारलं तर म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच." कामवाली घालून हिंडत असणार. अक्का भोळी. लक्ष ठेवायला हवं.

१६ मार्च
आता अर्ध्या चढावर, टेलरमास्तरांच्या दारातही खुर्ची. वर उशी! म्हणजे खुर्च्या वरून खाली, आमच्या घराच्या दिशेने येताहेत. शिवाय सूनबाई मास्तरांशी कुजबुजत होती. मला बघताच दोघं गप्प. वर्गात मागच्या बाकांवर अगदी असंच व्हायचं.

उलगडलं! मी खुर्चीत टेकले की मास्तर हिला सांगणार, ही मुलाला, आणि मुलगा म्हणणार — "आईला आता झेपत नाही, एकटीने बाहेर पडणं बंद." माझ्याकडे तेवढंच तर उरलंय. मी बसायची नाही. मेले तरी नाही!

१७ मार्च
परतताना नेमके मास्तरांच्या दारासमोर पाय लटपटले. खांब धरून उभी राहिले. ते धावत आले, "अहो बाई, बसा की जरा!" मी खेकसले त्यांच्यावर, सगळ्या रस्त्यादेखत. घरी येऊन रडले. रागाने की भीतीने, कुणास ठाऊक.

२० मार्च
गुडघा सुजलाय. आजही गेले नाही. सकाळी अक्काला फोन केला तर धापा टाकत होती. "कसली गं धाप?" "काही नाही, नंतर बोलू." फोन बंद! म्हणजे तीसुद्धा. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंय.

२२ मार्च
कमाल झाली. सूनबाईने आमच्याच फाटकाजवळ खुर्ची मांडली, पुसूनबिसून. "ही कुणासाठी?" "असू दे हो आई." असू दे म्हणे! ती आत वळताच मी खुर्ची उचलली आणि माझ्या खोलीत, कपाटामागे सारली. आता मांडा म्हणावं.

२३ मार्च
सकाळी फाटक वाजलं. अक्का! काठीवर रेललेली, घामाने निथळणारी. एकटी!

"तू येईनास, मग मीच आले. रोज थोडं थोडं खाली येऊन बघत होते, दुकानादुकानात बसत. कळलं असतं तर मी पडेन म्हणून तू घाबरली असतीस, तेव्हा सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. आणि इथली खुर्ची कुठाय गं? तुझ्या सुनेला ठेवायला सांगितली होती!"

मी आत पळाले. हो, पळाले!