प्रतिमाकाकूंचा फराळ ल्योंला

वेस्ट विंडसर,
३१ ऑक्टोबर २०२४

ती. शैलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला, शेजारच्या प्रतिमाकाकूंच्या गराजमध्ये, माझं सगळं बदललं. मी त्यांच्या सायकलची चेन बसवत होतो आणि त्या सहज बोलून गेल्या, आमच्या आश्लेषाला फ्रान्समध्ये, ल्योंच्या लॅबमध्ये, अजून तीन वर्षं मिळाली, आता ती काही इतक्यात अमेरिकेत परत येत नाही. चेन हातातून सुटली. मावशी, तीन वर्षं! सहा वर्षं जे तिला सांगायचं राहिलंय ते काय नवव्या वर्षी सांगू?

तसाच यशला फोन केला. शुक्रवारी रात्री फ्रान्सला येतोस का, विचारलं. म्हणाला, मंगळवारी मीटिंग आहे, तोवर परत असू तर येतो. कारण विचारलंसुद्धा नाही. आम्ही एका वर्गातले. त्याने डिग्री घेतली, मी तिसऱ्या वर्षात सोडून सायकलच्या दुकानात लागलो, एवढाच काय तो फरक.

आश्लेषाचा पत्ता हवा होता, म्हणून काकूंना म्हणालो, असंच फिरायला चाललोय, काही द्यायचं असेल तर द्या. त्यांनी चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू, अनारसे असं इतकं दिलं की माझे कपडे आता यशच्या बॅगेत आहेत. रविवारी सकाळी जा, हेही त्यांनीच तिला विचारून ठरवलं. तिथे सांगणार म्हणजे सांगणार. आईबाबांना नुसती ट्रिप म्हणालोय, तू बोलू नकोस.

काहीही झालं तरी मला तुझाच म्हण.

तुझा,
अंकुर


चँडलर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज हातात पडलं. वाचता वाचता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे गाढवा, रविवारी भाऊबीज होती! त्या दिवशी मुलीच्याच आईच्या हातचा फराळ घेऊन परक्या देशात तिच्या दारात कोण उभं राहतं? तिला सख्खा भाऊ नाही, हे तरी ठाऊक होतं ना तुला? तुझे काका एवढे हसले की शर्टावर चहा सांडला. मी नाही हसले. म्हणजे, नंतर हसले.

रविवारपासून तीनदा फोन केला, उचलत नाहीस, म्हणजे काहीतरी झालंय. ताईला मी अवाक्षर बोललेले नाही. पण मला सांग, डोकं फिरवून घेतलं नाहीस ना? प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडलंस; कॉलेजं दुसरी मिळतात, माणसं मिळत नाहीत. फोनवर तू निम्म्यात ठेवून देतोस, म्हणून कागदावरच लिही. आणि दोन वेळा नीट जेवत जा.

तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच,
शैलामावशी


वेस्ट विंडसर,
११ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काकांना म्हणावं, आणखी एक कप सांडायची तयारी ठेवा.

शनिवार झकास गेला. यशने चार बेकऱ्या पालथ्या घातल्या आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या शाळेतल्या फ्रेंचमध्ये सांगितलं की माझा मित्र प्रेमात आहे. एका आजीबाईंनी मला फुकट पाव दिला. मी नदीच्या पुलावर उभा राहून वाक्यं पाठ करत होतो.

रविवारी पाच मजले चढून गेलो तर दारात रांगोळी. आश्लेषा साडीत. मला वाटलं, माझ्यासाठी. होतंही माझ्यासाठीच! आत पाट नव्हते म्हणून दोन उशा मांडलेल्या, शेजारी ताम्हनात निरांजन. म्हणाली, आईने फोन करून सांगितलंय, भाऊ पाठवतेय दोन, ओवाळल्याशिवाय सोडू नकोस. यश टुणकन बसला. ओवाळून घेतलं, वर लाडूही मागितला. मग माझा नंबर.

मी बसलो नाही. म्हणालो, तुझा भाऊ व्हायला मी एवढ्या लांब आलेलो नाही. ओरडूनच म्हणालो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ती आधी हसली, गिफ्ट विसरलास वाटतं, म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ताम्हन खाली ठेवलं.

दुकानात काम भरपूर आहे. कॉलेजचा विषय काढलासच म्हणून सांगतो, प्रोफेसरांना ईमेल लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही.

रागावलीस तरी चालेल, पत्रं मात्र बंद करू नकोस.

तुझा,
अंकुर

ता. क. तिचं उत्तर लिहायचं टाळलं होतं, पण मग तू फोन करशील. ती म्हणाली, ठीक आहे, तुला ओवाळत नाही. पण तू म्हणतोस तसंही माझ्या मनात नाही रे. दुसरं कोणी आहे का, विचारलं. नाही म्हणाली. असतं तर तुला चिडायला तरी कोणी मिळालं असतं, असंही म्हणाली. मी चिडायला तोंड उघडलं, तर तिचे डोळे भरलेले दिसले. तिघांची पानं वाढलेली होती, मसालेभातावर खोबरंसुद्धा पेरून झालं होतं. यश माझ्याबरोबर उठायला लागला, त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणालो, तू जेवून ये, भाऊबीजेच्या पानावरून भावाने उठायचं नसतं. मग शूज हातात घेऊन बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.