अर्ध्या वाटणीचं औषध

परळ, मुंबई
१७ ऑगस्ट १९५८

प्रिय जयवंत,

तुझं पत्र परवा मिळालं. सॅनेटोरियममध्ये तुझं वजन चार पौंडांनी वाढलं हे कळल्यावर आईनं ते शेजारच्या तीन खोल्यांत वाचून दाखवायला लावलं. मला, अर्थात. तिसऱ्या खोलीत पोचेपर्यंत आईनं चाराचे सहा पौंड केले होते. बाबा पाळीला गेले, ते जिना उतरताना गुणगुणत होते. तुझी एक ओळ मात्र मी कुठंच वाचली नाही. शेजारच्या खाटेवरच्या हरेश्वरला गोळ्या मंजूर झाल्या नाहीत, म्हणून तू तुझ्यातल्या निम्म्या त्याला देतोस, ही ती ओळ. मोठ्या ऐटीत लिहिली आहेस. दोन दिवस मी तिचं उत्तर जुळवते आहे. रागावायला बसते आणि रागावता येत नाही, कारण तू शेवटी आईचाच मुलगा.

तुमच्या झाडपाल्याचं काय झालं, असं तू विचारलं होतंस. यंदा आमच्या प्रयोगशाळेत एकशे चाळीस वनस्पती आल्या. अडुळसा, करंज, निर्गुडी, कोकणातल्या कसल्या कसल्या साली. त्या वाळवायच्या, कुटायच्या, स्पिरिटात भिजवून अर्क काढायचा आणि तो क्षयाच्या जंतूंवर घालून बघायचा. हे जंतू वाढवायला अंडी लागतात. रोज सकाळी मी दोन डझन अंडी फोडते, त्यात हिरवा रंग मिसळते आणि नळ्यांत भरून शिजवून घट्ट करते. आईची खात्री आहे की सरकारनं मला आम्लेटं करायलाच ठेवलंय. त्या हिरव्या थरावर जंतू महिना-सव्वा महिना सावकाश उगवतात. एकशे चाळिसांतल्या तीन वनस्पतींनी त्यांना जरा दमवलं. त्यातल्या एकीनं आमच्या गिनीपिगलाही कायमचं दमवलं. उरल्या दोन. त्यांचा गुण नेमका कोणत्या द्रव्यात आहे ते शोधायचं, मग त्या द्रव्याची ठेवण थोडी बदलून ते माणसाला सोसेल असं होतं का ते बघायचं. आमचे साहेब म्हणतात, दहा वर्षं धरून चाला. पी हळद आणि हो गोरी असं आमच्याकडे काही नसतं. अडुळशानं तर जंतूंचं काहीच बिघडवलं नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही, कारण ती तुला काढ्याची बाटली पाठवते आहे. खोकला सुटायला बरा असतो, पी मुकाट्यानं.

सांगायचं एवढंच की आज हाताशी जी दोन-तीन औषधं आहेत, तेवढीच आहेत. त्यांच्यामागे नवी कुणी उभी नाहीत.

चळवळीचं म्हणशील तर मोर्चे चालू आहेत, सभा चालू आहेत, आणि भित्तिपत्रकं चिकटवायला तुझ्यावाचून माणसं मिळतात, तेव्हा तेवढ्यासाठी घाई करू नकोस. जिन्याखाली तू चुन्यानं रंगवलेली घोषणा अजून कुणी पुसली नाही. तिच्याकडे बघितलं की मला छप्पनचा जानेवारी आठवतो. तू अंथरुणाला खिळलेला. बाबांनी मिलच्या दवाखान्यातून स्ट्रेप्टोमायसिनच्या साठ बाटल्या आणून ठेवल्या होत्या, रोज एक टोचायची. कंपाउंडर रघु खालच्याच मजल्यावर राहायचा, सकाळी येऊन टोचून जायचा. शेजारच्या सुंदराबाईला तोच आजार आणि तेच औषध. पण तिची बाटली रोजच्या रोज दवाखान्यातून यायची. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, दवाखान्याला कुलूप पडलं. शाळेतून आल्यावर जिच्याकडे तू आधी भाकरी खायचास, ती भिंतीपलीकडे खोकत होती आणि आपण सगळे मान खाली घालून जेवत होतो.

आईचं लहानपण तुला ठाऊक आहे. गावच्या विहिरीवर ती रिकामी घागर घेऊन तासन् तास उभी राहायची, कुणीतरी दया येऊन वरून ओतेल म्हणून. घरात औषध असताना ती बाई शेजारणीला कशी खोकू देईल? तीस तुला, तीस सुंदराबाईला, अशी वाटणी झाली. महिन्याभरात दोघांचा ताप उतरला. सुंदराबाईनं रव्याचे लाडू वाटले. तू दोन-दोन पायऱ्या उड्या मारत मोर्चाला पळालास. पुढं दवाखाना उघडला, पण राहिलेल्या बाटल्या आणायला कुणीच गेलं नाही. बरं वाटत असताना कोण टोचून घेतं? पावसाळ्यात सुंदराबाईचा ताप परत आला. या खेपेला पुऱ्या साठ टोचल्या, मग आणखी साठ. काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. तिची प्रकृतीच नाजूक, असं सगळे म्हणाले. तूही म्हणालास, तुझा ताप उलटेपर्यंत.

जूनमध्ये तुमच्या घाटावरच्या सॅनेटोरियममधून आमच्याकडे थुंकीच्या बाटल्या आल्या. आमच्या बाटल्यांना नावं नसतात, नंबर असतात. अडतीस नंबरचे जंतू मी नळ्यांत लावले. काही नळ्या साध्या, काहींत एकेक औषध घातलेलं. गेल्या आठवड्यात बघितलं, तर स्ट्रेप्टोमायसिनच्या नळीत ते साध्या नळीइतकेच खुशाल वाढले होते. औषध अपुरं पडलं की जंतूंतले नाजूक तेवढे मरतात आणि चिवट उरतात. पुढची सगळी पैदास त्या चिवटांची. माणसाला मात्र बरं वाटतं, कारण पुष्कळ मेलेले असतात. नोंदवहीत निकाल लिहायचं काम माझंच. वही उघडली आणि अडतीसपुढं तुझं नाव बघितलं. माझ्या हातातली नळी मी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. मग परत येऊन बाकीच्या नळ्या बघितल्या. तुला चालू असलेल्या गोळ्यांच्या नळीत एकही जंतू नव्हता. गोळ्यांबरोबर तुला देतात त्या कडू पुडीच्या नळीतही नव्हता. जयवंता, मी तिथं सगळ्यांसमोर रडले. ही दोन औषधं तुझ्यावर अजून चालतात. निम्मी घेतलीस तर तीही जातील, आणि निम्म्यावर हरेश्वरही बरा व्हायचा नाही.

हरेश्वरला आता तुझ्यातलं काही द्यायची गरज नाही. काल मी त्याच्या गोळ्यांसाठी ठाकूरद्वारला एका धर्मादाय मंडळाच्या कचेरीत गेले होते. वरळीहून त्याची आई राधाबाई आली होती, येताना बाजारातून तशीच. कारकुनानं उद्या या म्हटल्यावर ती सुक्या बोंबलांची टोपली दारात ठेवून तिथंच बसली. अर्ध्या तासात सही झाली. त्याच्या नावाचं पार्सल आज निघालं, अख्ख्या सहा महिन्यांच्या गोळ्यांचं. पार्सल येईपर्यंत त्याला धीर दे, गोष्टी सांग, तुझी खीर दे, पण गोळी देऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. वाटणी आईनं केली, असं चाळीत सगळे मानतात आणि तू ते अभिमानानं सांगतोस. तसं झालं नव्हतं. तू झोपला होतास. आई बाटल्या पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिचा हात होत नव्हता. मला म्हणाली, "तू शिकलेली हायस, तू सांग. निम्मी दिली तर पोराला कमी पडंल का?" मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, नाही पडणार. त्या शब्दावर आई उठली. साहेब म्हणतात, त्या काळी पुष्कळ डॉक्टरांनाही हे नीट उमगलं नव्हतं, आणि नुसतं ते एकच औषध देणंही आता चूक मानतात. असेल. पण आईनं मला विचारलं होतं. आईला यातलं काही कळू देऊ नकोस, सुंदराबाईला आपण मदत केली एवढं तिच्यापाशी राहू दे. तू मला विचारलेलं नाहीस, तरी या खेपेला खरं उत्तर देते: कमी पडेल. तुझ्या गोळ्या तूच घे, शेवटच्या गोळीपर्यंत. आणि माझा राग आला असेल तर तो पत्रातून लिहू नकोस. पुरता बरा होऊन घरी ये आणि माझ्यासमोर उभा राहून भांड.

तुझीच,
कौसल्याताई