टीव्हीवरचं कुंकू

विंझर, मंगळवार, संध्याकाळ

खंडेनवमीला वर्गातल्या नव्या टीव्हीची पूजा केली, तेव्हा तिसरीतल्या स्वरानं ओलं कुंकू थेट पडद्याच्या मधोमध लावलं. मी ओरडले. तेव्हापासून पोरगी मागच्या रांगेत, गप्प. बाकीचीही टीव्ही नुसता बघत बसतात, विचारत काही नाहीत. मग माझं शिकवणं कसलं?

आज कुंकू पुसायला फडकं नेलं होतं. पण आधी टीव्हीवर गावाचा नकाशा लावला, आणि सरकवत सरकवत आपली शाळा बरोबर त्या कुंकवाखाली आणली. का सुचलं, कोण जाणे! सगळी पोरं पडद्यापाशी.

"बाई, आमची विहीर हितं!"

"आन् आमचं घर कुठं?"

फडकं माझ्या हातातच. स्वरा मागून पुढं आली नि माझा हात धरून म्हणाली, "बाई, पुसू नका. शाळा जाईल."